कुन्नूरला उतरा: निलगिरीत एका दिवसात वाफेची गाडी आणि शोलाचं जंगल

निलगिरीच्या डोंगरी गाडीचं तिकीट काढताना बहुतेक जण डोळे झाकून पायथ्याच्या मेट्टुपाळयम ते ऊटी असं काढतात आणि ऊटीपर्यंत बसून राहतात. फक्त गाडीत बसायचं असेल तर त्यात काही चूक नाही. पण त्याच दिवशी जंगलही बघायचं असेल, तर ऊटीपर्यंत जाणं परवडत नाही. वाफेचं इंजिन फक्त खालच्या 28 किलोमीटरला, म्हणजे मेट्टुपाळयम ते कुन्नूर एवढंच असतं. कुन्नूरला ते सुटतं आणि पुढे ऊटीपर्यंत डिझेल इंजिन गाडी ओढतं. त्या वरच्या टप्प्यात आणखी दीड तास जातो, शिवाय ऊटीच्या गर्दीतून बाहेर पडायला वेगळा वेळ. म्हणून हा दिवस कुन्नूरला उतरण्यावर बेतलेला आहे: सकाळी गाडीने मेट्टुपाळयमहून कुन्नूर, तिथून मोटारीने कोटागिरी, दुपारनंतर लाँगवुड शोला (शोला म्हणजे इथलं बुटक्या झाडांचं दाट डोंगरी जंगल), आणि अंधार पडायच्या आत कोटागिरीच्या घाटाने परत मेट्टुपाळयम. असा वळसा पूर्ण होतो आणि एकही रस्ता दोनदा करावा लागत नाही.

यातली अडचण आधीच सांगून ठेवतो. वाफेची गाडी सकाळची आणि पाखरंही सकाळची. गाडी सकाळ खाऊन टाकते, जंगलाला दुपार उरते. उघड्या माळावर किंवा पानगळीच्या रानात हे चाललं नसतं, कारण तिथे अकरानंतर सगळं चिडीचूप होतं. शोलाचं तसं नाही. आत इतका गारवा आणि अंधार असतो की पक्षी दुपारीही हलते राहतात आणि साडेतीननंतर पुन्हा चांगली हालचाल सुरू होते. या दिवसासाठी शोलाच निवडायचं कारण हे आहे.

कधी जायचं

आपल्याकडे पाऊस म्हटलं की जून ते सप्टेंबर. निलगिरीच्या या पूर्व उतारावर मात्र खरा दणका ईशान्य मोसमी पावसाचा, म्हणजे ऑक्टोबर ते डिसेंबर. कल्लार ते कुन्नूर या पट्ट्यात तेव्हा दरडी येतात, रुळांवर दगड-झाडं पडतात, कधी रुळांखालची मातीच वाहून जाते आणि गाडी काही दिवस बंद राहते. महाराष्ट्रातल्या कुटुंबांची दिवाळीची सुट्टी नेमकी याच काळात येते. दिवाळीत जाणार असाल तर गाडी रद्द होणार असं धरूनच पर्यायी बेत ठेवा. रेल्वे भाडं परत देते, पण दिवस परत मिळत नाही.

सगळ्यात भरवशाचा काळ जानेवारी ते मार्च. पाऊस संपलेला असतो, हवा स्वच्छ असते, हिवाळी पाहुणे पक्षी मार्चपर्यंत असतात आणि शोलात जळवा कमी असतात. एप्रिल-मेमध्ये तिकीट मिळणं कठीण आणि घाटात मोटारींची रांग. त्या काळात पोलीस बरेचदा घाट एकेरी करतात, चढताना कुन्नूरकडून आणि उतरताना कोटागिरीकडून. आपला वळसा त्याच दिशेचा असल्याने त्याची झळ बसत नाही. जून ते सप्टेंबरमध्ये धुकं आणि जळवा, पण गर्दी नाही. धुक्यात गाडी सुंदर दिसते, पक्षी दिसत नाहीत.

तिकीट

रेल्वेच्या आरक्षणात मेट्टुपाळयमचा संकेत एमटीपी, कुन्नूरचा ओएनआर आणि ऊटीचा यूएएम. आरक्षण 60 दिवस आधी सकाळी 8 वाजता उघडतं. शनिवार-रविवार आणि सुट्टीच्या तारखांना पहिल्या काही मिनिटांतच प्रतीक्षायादी लागते. कुन्नूरपर्यंतचं तिकीट मिळत नसेल तर ऊटीपर्यंतचं काढून कुन्नूरला उतरा. भाड्यातला फरक फार नाही आणि जागांचा मोठा वाटा थेट प्रवासासाठीच असतो. खिडकीवर थोडी अनारक्षित तिकिटं मिळतात, त्यासाठी लोक पहाटेपासून रांग लावतात. लांबून येणाऱ्याने त्यावर अख्खा दिवस टांगू नये.

वर जाणारी गाडी मेट्टुपाळयमहून सकाळी 7:10 ला सुटते आणि साडेदहाच्या सुमारास कुन्नूरला पोचते. निघण्याआधी आठवडाभर वेळ पुन्हा तपासा, कारण इथे वेळापत्रक आणि जादा गाड्या बदलत असतात.

मुंबई-पुण्याहून येणाऱ्यांसाठी पुणे-सोलापूरमार्गे जाणारी कोइंबतूर एक्स्प्रेस रोज आहे. दोन रात्रींचा प्रवास आहे. विमानानेही कोइंबतूरच गाठायचं. कोइंबतूरहून मेट्टुपाळयम रस्त्याने साधारण 40 किलोमीटर. सकाळी कोइंबतूरहून निघून 7:10 ची गाडी पकडण्याचा हट्ट करू नका. आदली रात्र मेट्टुपाळयमलाच काढा, स्टेशनपासून चालत जाता येईल अशा ठिकाणी. चेन्नईहून येणारी निलगिरी एक्स्प्रेस पहाटे मेट्टुपाळयमला पोचते आणि ती या डोंगरी गाडीची जोडगाडीच आहे. चेन्नईमार्गे येणाऱ्यांना तीच सोयीची.

मोटार आणि ई-पास

इथे एक निर्णय आधीच घ्यायचा असतो. कुन्नूरची टॅक्सी घ्यायची की मेट्टुपाळयमची? दिवस मेट्टुपाळयमला संपणार असल्याने कुन्नूरचा चालक रिकाम्या परतीचं भाडंही लावतो. मेट्टुपाळयमची टॅक्सी ठरवली तर सकाळी तुमचं सामान घेऊन ती रस्त्याने वर येते आणि कुन्नूर स्टेशनबाहेर थांबते. गाडीच्या डब्यात मोठ्या बॅगांना जागाच नसते, त्यामुळे ही सोय फार उपयोगाची.

मात्र मे 2024 पासून निलगिरी जिल्ह्यात येणाऱ्या वाहनांना ई-पास लागतो. जिल्ह्यातली टीएन-43 पाटीची वाहनं त्यातून सुटतात. मेट्टुपाळयम कोइंबतूर जिल्ह्यात आहे, तिथल्या टॅक्सीची पाटी टीएन-40 असते, म्हणजे तिला पास हवा. तमिळनाडू सरकारच्या संकेतस्थळावर वाहनाचा क्रमांक, प्रवाशांची संख्या आणि तारखा भरून तो मिळतो. गर्दीच्या मोसमात दिवसाच्या वाहनांवर मर्यादा असते, म्हणून पास आदल्या रात्री नाही तर तारीख ठरली की लगेच काढा. चालकाने "मी बघतो" म्हटलं तरी पासचं चित्र तुमच्या फोनवर मागून घ्या. नाक्यावर अडकलेली टॅक्सी म्हणजे कुन्नूरला तासभर ताटकळणं. रेल्वेने येणाऱ्या प्रवाशाला स्वतःसाठी पास लागत नाही.

निलगिरीत एकदा वापरून फेकायच्या प्लास्टिकवर बंदी आहे, त्यात पाण्याच्या छोट्या बाटल्याही येतात. नाक्यावर पिशव्या तपासतात आणि दंड करतात. स्टीलची बाटली न्या. जिल्ह्यात ठिकठिकाणी पाणी भरून घ्यायची यंत्रं बसवलेली आहेत.

वाटाड्या कसा निवडायचा

शोलात वाटाड्याशिवाय जाण्यात अर्थ नाही. एकतर लाँगवुड शोला राखीव जंगल आहे आणि आत जायला वनखात्याची परवानगी लागते. दुसरं म्हणजे तिथले पक्षी दिसण्याआधी ऐकू येतात. कान तयार नसेल तर दोन तासांत पाच हिरवी झाडं बघून बाहेर याल. वाटाड्या ठरवताना फोनवर चार गोष्टी विचारा. कोटागिरीच्या वनकार्यालयातून परवानगी तो स्वतः आदल्या दिवशी घेणार का? एका वेळी किती जण नेतो? (चारपेक्षा जास्त असतील तर नको म्हणा, मागच्या दोघांना काही दिसत नाही.) कुन्नूरला भेटणार की थेट कोटागिरीला? आणि पक्ष्यांना बोलवायला फोनवर आवाज वाजवतो का? शेवटच्या प्रश्नाला "हो, हमखास दाखवतो" असं उत्तर आलं तर दुसरा शोधा. विणीच्या काळात आवाज वाजवला की नर घरटं सोडून खोट्या प्रतिस्पर्ध्याशी भांडायला येतो. शोलाचा तुकडा लहान, पक्षी तेच ते, आणि रोज कोणीतरी तेच करत असतो.

बहुतेक वाटाडे तमिळ आणि इंग्रजी बोलतात, हिंदी कमी. पक्ष्यांची इंग्रजी नावं आधी एकदा वाचून ठेवा, नाहीतर तो "फ्लायकॅचर" म्हणेपर्यंत तुम्ही माशीमार शोधत बसाल. दुर्बीण 8 बाय 42 ची. 10 पटीची शोलाच्या अंधारात थरथरते आणि जवळच्या पक्ष्यावर लवकर लागत नाही.

मेट्टुपाळयम, सकाळी सव्वासहा

पाऊण-एक तास आधी पोचा. स्टेशनच्या आवारात या रेल्वेचं छोटं संग्रहालय आहे, पण सकाळचं खरं काम इंजिन नीट बघणं. ते गाडीच्या पुढे दिसणार नाही. वर चढताना इंजिन मागे असतं आणि डबे ढकलतं. कारण साधं आहे: मधली जोडणी तुटली तरी डबे घरंगळून इंजिनावरच टेकतील, मोकळे सुटणार नाहीत. म्हणून चढ असो वा उतार, इंजिन कायम खालच्या टोकाला.

ही एक्स वर्गाची इंजिनं मूळची स्वित्झर्लंडमधल्या विंटरथूरच्या कारखान्यातली. नंतरची काही आपल्याच तिरुचिरापल्लीच्या गोल्डन रॉक कारखान्यात बांधली गेली. बहुतेक आता कोळशाऐवजी तेलावर चालतात. इंजिनाच्या बाजूला उभं राहिलात तर एकावर एक असे दोन सिलिंडर दिसतील; दोन्ही बाजूंचे मिळून चार. खालचे दोन नेहमीची चाकं फिरवतात. वरचे दोन फक्त दातेरी चाकांसाठी आहेत. खालच्या सिलिंडरमधून वापरून झालेली वाफ वरच्यांत जाते आणि दुसऱ्यांदा काम करते. मेट्टुपाळयमहून निघताना वरचे दांडे स्थिर असतात. कल्लारनंतर ते हलायला लागतात. हे एकदा डोळ्यांनी बघितलं की बाकी सगळी यंत्रणा आपोआप कळते.

माथेरानच्या गाडीची सवय असलेल्यांना फरक लगेच जाणवेल. तिथे 2 फुटी रूळ आणि 1:20 चा चढ, तो ती चाकांच्या पकडीवर चढते. इथे मीटर गेज आहे आणि चढ जवळपास 1:12. एवढ्या चढावर नुसती लोखंडी चाकं घसरतात, म्हणून दोन रुळांच्या मधोमध दातेरी पट्ट्या बसवल्या आहेत. ही आब्ट पद्धत. पट्ट्या एक नसून दोन, शेजारी शेजारी, आणि एकीचा दात जिथे तिथे दुसरीची खाच, त्यामुळे कुठल्याही क्षणी कुठला ना कुठला दात पकडीत असतो आणि गाडी हिसके देत नाही. मेट्टुपाळयम–कुन्नूर मार्ग 1899 मध्ये सुरू झाला, ऊटीपर्यंत रूळ 1908 मध्ये पोचले, आणि 2005 मध्ये युनेस्कोने हा मार्ग जागतिक वारशात घेतला. एकूण 46 किलोमीटरमध्ये 208 वळणं, 250 पूल आणि 16 बोगदे.

कुठे बसायचं

दोन प्रकारचे प्रवासी असतात. ज्यांना दरी आणि जनावरं बघायची त्यांनी पुढचा डबा; समोर इंजिन नसल्याने रूळ थेट दिसतात, आणि पुढच्या सज्जावर ब्रेकमन उभा असतो. ज्यांना इंजिनाचा आवाज हवा त्यांनी शेवटचा डबा. तिथे बोगद्यात धूर आत येतो, कपड्यांवर तेलकट काजळी पडते आणि बोलणं ऐकू येत नाही, पण वाफेच्या गाडीत बसल्यासारखं वाटतं ते तिथेच. कुन्नूरपर्यंत दरी जास्त करून डाव्या हाताला. जागा आरक्षणात आपोआप मिळते, त्यामुळे फार आशा ठेवू नका. पण उजव्या बाजूची खिडकी मिळाली तर रुसू नका, डोंगराच्या कातळाकडच्या बाजूला वानरं आणि पक्षी हाताच्या अंतरावर येतात.

डब्यात शौचालय नसतं. निघण्यापूर्वी स्टेशनवर जाऊन या, लहान मुलांना तर नक्कीच. पुढची सोय मधल्या थांब्यांवर.

प्रत्येक डब्यावर एक ब्रेकमन असतो. इंजिनचालकाच्या शिट्टीच्या इशाऱ्यावर तो हातब्रेक लावतो किंवा सोडतो. त्याच्याशी चालत्या गाडीत गप्पा मारू नका. त्याचं सगळं लक्ष मागून येणाऱ्या शिट्टीकडे असतं.

कल्लार ते कुन्नूर

पहिले आठेक किलोमीटर सपाट, दोन्हीकडे सुपारी आणि नारळ. कल्लारला गाडी अगदी चालण्याच्या वेगाने पुढे सरकते. तिथे दातेरी पट्टी सुरू होते; पट्टीचं पहिलं टोक स्प्रिंगवर बसवलेलं असतं, म्हणजे दात जुळले नाहीत तर ते दबतं आणि हळूच जुळतात. खालून खर्रर्र असा आवाज आला की चढ सुरू झाला.

कल्लार ते बुर्लियार हा हत्तींच्या येण्याजाण्याचा पट्टा. मे ते जुलै फणस पिकतात आणि हत्ती त्या वासाने घाटात वर येतात. 2022 मध्ये हिलग्रोव्ह स्थानकाजवळ रेल्वेची एक संरक्षक भिंत त्यांच्या वाटेत आली होती. ती काढावी लागली. गाडीतून हत्ती दिसतीलच असं कोणी सांगत असेल तर विश्वास ठेवू नका. दिसले तर बहुधा ताज्या लिदीचे ढीग आणि मोडलेल्या केळी. पण पाणथळ ओहोळाच्या पुलावरून जाताना दोन्ही बाजूंना खाली बघा, जनावर असलं तर तिथे असतं.

हमखास दिसणारी मंडळी वेगळी. शेकरू, आपला राज्यप्राणी, इथेही त्याच पश्चिम घाटाच्या नात्याने आहे: ॲडर्ली ते रनीमीड या स्थानकांमधल्या उंच झाडांच्या शेंड्यात झुबकेदार शेपूट लोंबताना शोधा. मलबारी राखी धनेश जोडीने उडताना कर्कश हसल्यासारखा ओरडतो. बोगद्याच्या तोंडाशी ओल्या कातळावर निळसर काळा शीळकरी कस्तूर. पल्लवपुच्छ कोतवाल दिसला तर त्याच्या आजूबाजूला बघा, तो मिश्र थव्याबरोबर फिरतो.

इंजिनाला वाटेत पाणी भरावं लागतं. हिलग्रोव्हला गाडी सगळ्यात जास्त थांबते; चहा-वडा मिळतो आणि माकडं हातातलं खाणं हिसकावतात. लाल तोंडाचं, डोक्यावर केसांची टोपी असलेलं ते बोनेट माकड. काळंकुळकुळीत, डोक्याभोवती पिंगट आयाळ असलेलं दिसलं तर ते निलगिरी वानर; ते माणसाजवळ येत नाही, लांबच्या झाडावरून "हू-हू" असा घुमता आवाज देतं. माकडांना खाऊ देऊ नका आणि खाण्याची पिशवी खिडकीकडे ठेवू नका. प्लॅटफॉर्मवर उतरलात तर शिट्टी होताच आत या. गाडी हळू सुटते म्हणून पळत चढणारेच पायरीवरून घसरतात. बोगदे आणि कातळ डब्याच्या फारच जवळून जातात, त्यामुळे फोन धरलेला हात खिडकीबाहेर काढू नका.

मध्येच गाडी आडरानात थांबली तर घाबरण्याचं कारण नाही. बहुतेक वेळा बॉयलरचा दाब उतरलेला असतो आणि वाफ पुन्हा साठेपर्यंत थांबावं लागतं. कधी रुळावर दगड असतो. अर्धा तास उशीर हा नियमच समजा.

कुन्नूर: थोडा वेळच

उतरल्यावर लगेच बाहेर पळू नका. वाफेचं इंजिन सुटून डिझेल लागताना दहा मिनिटं फलाटावरून बघा. इंजिनांची दुरुस्ती इथल्याच शेडमध्ये होते; आत जायला परवानगी लागते, पण बाहेरून पुरेसं दिसतं. मेट्टुपाळयम साधारण 330 मीटरवर आणि कुन्नूर 1,700 च्या वर. खाली घामाने भिजलेला सदरा इथे गार लागतो, तापमानात आठ-नऊ अंशांचा फरक पडतो. अंगावर एक थर चढवा.

साडेअकराच्या आसपास जेवून घ्या. कोटागिरीला पोचल्यावर जेवू म्हणालात तर दीड वाजतो आणि शोलाचा वेळ जातो. वाटेत खायला वर्की घ्या. या खुसखुशीत बिस्किटाला ऊटी वर्की म्हणून भौगोलिक मानांकन मिळालेलं आहे.

कुन्नूर ते कोटागिरी साधारण 20 किलोमीटर, पाऊण ते एक तास. हा रस्ता चहाच्या मळ्यांतून जातो आणि इथेच गवे दिसतात, भर दुपारीही. चहाच्या झुडपांवर नुसती पाठ दिसते, काळ्या कातळासारखी. मोटारीतूनच बघा. गवा शांत दिसतो म्हणून लोक खाली उतरतात आणि छायाचित्रासाठी पुढे सरकतात. तो आडवा उभा राहून अंग मोठं करून दाखवायला लागला, मान खाली घालून फुसफुसला, तर त्याला तुमची अडचण होते आहे. कळपापेक्षा एकटा नर जास्त धोक्याचा, आणि वळणावर अचानक समोरासमोर येणं सगळ्यात वाईट. मळ्यांतल्या पायवाटांवर संध्याकाळी एकट्याने फिरू नका. कोटागिरी परिसरात अस्वलंही वस्तीपर्यंत येतात.

लाँगवुड शोला

कोटागिरी गावापासून सुमारे 3 किलोमीटरवर 116 हेक्टरचा हा तुकडा. चारी बाजूंना चहा, घरं, रस्ते, आणि मध्ये हे जुनं जंगल. जानेवारी 2024 मध्ये ते रामसर यादीत, म्हणजे महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय यादीत आलं. खालच्या गावांचं पाणी याच्या ओहोळांतून येतं. "शोला" हा शब्द तमिळ "सोलै"वरून आलेला. झाडं बुटकी, शेंडे घुमटासारखे, फांद्यांवर शेवाळाची गोधडी. बाहेरून आत पाऊल टाकलं की डोळ्यांना अंधाराची सवय व्हायला पाच मिनिटं लागतात. ती पाच मिनिटं उभे राहा, बोलू नका. घाईने आत घुसणाऱ्यांना पहिला पक्षी उडून गेल्यावरच कळतो.

दोन वाजता आत शिरलात तर साडेचारपर्यंत वेळ आहे. दीड-दोन किलोमीटर पुरेत. पन्नास पावलं चालायचं, पाच मिनिटं थांबायचं. काळा-नारिंगी माशीमार जमिनीपासून गुडघाभर उंचीवर, झुडपाच्या आत बसतो. वर बघत राहिलात तर चुकतो. निलगिरी माशीमार थोडा वर, मोकळ्या फांदीवर, निळा. निलगिरी लाफिंगथ्रश कडेच्या झुडपांत टोळीने हसल्यासारखा गलका करतो, तो ऐकू न येणं अवघड. शोलाकिली, म्हणजे निलगिरीचा निळा रॉबिन, ओहोळाकाठच्या पालापाचोळ्यात. त्यासाठी पाण्याशेजारी बसून वाट बघा. निलगिरी रानकबूतर फळलेल्या झाडावर वर, पंखांच्या फडफडाटावरून कळतं. मिश्र थवा आला की कुठलाही एकच पक्षी धरून बसू नका. थवा दोन-तीन मिनिटांत पुढे जातो.

छायाचित्रांसाठी आयएसओ 3200 च्या खाली काही हाती लागत नाही. फ्लॅश वापरू नका. पांढरे, लाल, पिवळे कपडे नकोत.

जून ते डिसेंबर जळवा असतात. जळूमोजे घाला, किंवा पँट मोज्यांत खोचून मोज्यांना तंबाखूचं पाणी किंवा मीठ लावा. चिकटलेली जळू ओढू नका. बारीक तोंडाच्या टोकाखाली नखाची कड सरकवा, मग फेका. रक्त पातळ राहील असं काहीतरी ती सोडते, त्यामुळे जखम बराच वेळ वाहते. कापसाने दहा मिनिटं दाबून धरा.

हे नको

कुन्नूरला उतरून त्याच दिवशी मुदुमलैचं व्याघ्र अभयारण्य गाठायचा मोह अनेकांना होतो. नकाशावर ऊटी ते मुदुमलैशेजारचं मसिनगुडी कल्हट्टी घाटाने जवळ दिसतं, पण तो उतार बाहेरच्या वाहनांना बंद असतो आणि गुडलूरवरून वळसा घालावा लागतो. ऊटीपासून मुदुमलैतल्या तेप्पकाडूपर्यंतच 65 किलोमीटरच्या पुढे. दुपारची सफारी कशीबशी मिळाली तर मिळाली, मग रात्री घाट चढून परत. मुदुमलैला मुक्कामाने जा.

उलटा वळसा

वर जाणारं तिकीट मिळालं नाही तर दिवस उलटा फिरवा. पहाटे साडेपाचला मेट्टुपाळयमहून कोटागिरी, सात ते साडेदहा शोला, कुन्नूरला जेवण, आणि ऊटीहून दुपारी 2 वाजता निघणारी गाडी कुन्नूरला पकडून साडेपाच-सहाला खाली. पक्ष्यांसाठी हा क्रम उघडच चांगला. पण उतारावर इंजिन पुढे असतं आणि गाडी ओढत नाही, रोखून धरतं. चढावरचा तो धापा टाकणारा आवाज उतरताना नसतो. या बेतात परवानगीत सकाळची वेळ मागायला वाटाड्याला आधी सांगा, आणि मोटारीला सामान घेऊन परत खाली पाठवा.

उतरताना

शोलातून साडेचारला निघा; नोव्हेंबर ते जानेवारी चारलाच, कारण तेव्हा अंधार लवकर पडतो. कोटागिरी ते मेट्टुपाळयम 33 किलोमीटर, सव्वा ते दीड तास. घाट लागणाऱ्यांनी गोळी शोलातून बाहेर पडतानाच घ्यावी, मोटारीत बसल्यावर नाही.

कुंजपनैच्या आसपास वेग कमी करायला सांगा. इथे धनेशही दिसतात आणि फणसाच्या दिवसांत हत्ती संध्याकाळी रस्त्यावर येतात. हत्ती दिसला तर पन्नास-साठ मीटर मागे थांबा, दिवे मंद करा, भोंगा वाजवू नका, इंजिन चालू ठेवा. समोरच्या बसचा चालक काय करतो ते बघा. तो रोज जातो. बस थांबली असेल तर ओलांडून पुढे जाऊ नका. पिल्लू रस्ता ओलांडून गेलं आणि आई अजून अलीकडे असेल, तर तो रस्ता अजून मोकळा झालेला नाही. कळप पूर्ण गेल्यावरही दोन मिनिटं थांबा, मागून एखादा येतोच.

साडेसहापर्यंत मेट्टुपाळयम. चेन्नईकडे जाणारी निलगिरी एक्स्प्रेस रात्री सुटते, त्यामुळे जेवायला भरपूर वेळ मिळतो. कोइंबतूरहून विमान असेल तर ते त्या रात्रीचं घेऊ नका. घाटात एखादा हत्ती तासभर उभा राहिला, तर तो तिकीट बघत नाही.